द्राक्षवेलीचे उत्तर

सन २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. इयत्ता नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालू असता मी सहज प्रश्न केला, "तुमच्या प्रभागाचे नगरसेवक कोण?" आमच्या वर्गात एकलहरे, हिंगणवेढे, सामनगाव या बाजूची मुले आहेत, तशीच नाशिकरोड व जेलरोडकडून येणारीही पुष्कळ आहेत. गावाकडच्या मुलांनी आपापल्या सरपंचांची नावे चटकन सांगितली. शहराकडच्यांपैकी कोणी एका गृहस्थांचे नाव घेतले, कोणी दुसऱ्यांचे. दोघा-तिघांनी तर ज्यांच्या वाढदिवसाचे फलक चौकात झळकतात त्यांचीच नावे ठोकून दिली. वास्तविक त्या दिवशी बरोबर उत्तर एकच होते : कोणी नाही. ते मी सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, साडेतीन वर्षे नगरसेवक नाहीत, तरी आमच्या घरी काही अडले नाही. मग ते हवेत तरी कशाला?"

मुलगा उद्धट नव्हे. मनात आलेले तोंडावर बोलणारा आहे, इतकेच. मी त्यास पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले. त्याने मान डोलावली व तो खाली बसला. परंतु त्याचे समाधान झाले नव्हते हे मला दिसले, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. या वार्षिकात त्याचा विचार करण्याचे योजिले, कारण हा प्रश्न त्या एकट्या मुलाचा नाही. तो पुष्कळ घरांतल्या जेवणाच्या टेबलावरून शाळेत आलेला असावा.

प्रथम हकीकत नीट समजून घेऊ. नाशिक महानगरपालिकेच्या १२२ निर्वाचित सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्याप्रमाणे नगरपालिकांची पाच वर्षांची मुदत संपण्याच्या आतच पुढील निवडणूक पुरी झाली पाहिजे. परंतु इतर मागास वर्गांच्या राखीव जागा व प्रभागांची रचना यांविषयीचे वाद न्यायालयात गेले, तारखांवर तारखा पडल्या, आणि महाराष्ट्रातील इतर अनेक शहरांप्रमाणे नाशिकचाही कारभार प्रशासकांच्या हाती गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका चार महिन्यांत उरकण्याची आज्ञा केली, तरी प्रत्यक्ष मतदान व्हावयास १५ जानेवारी २०२६ उजाडला. सन २०११ च्या खानेसुमारीत ज्या शहराची वस्ती १४ लाख ८६ हजार भरली, त्या शहरास पावणेचार वर्षांहून अधिक काळ आपला म्हणून एकही सभासद नव्हता. प्रशासक वाईट होते असे माझे म्हणणे नाही. रस्ते झाडले जात होते, दिवे लागत होते, घरपट्टीची बिलेही वेळेवर येत होती. म्हणूनच तर त्या मुलाचा प्रश्न अवघड आहे!

अडले कोणाचे नाही, हे आधी पाहू. ज्याच्या बंगल्याच्या आवारात बोअरवेल आहे, त्याचे नळास पाणी न आल्याने अडत नाही. ज्याच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे, त्यास गढूळ पाण्याची वार्ता वर्तमानपत्रात वाचावी लागते. वीज गेली की इन्व्हर्टर, चोर आला की रखवालदार, ताप आला की खाजगी दवाखाना. आणि मुलांस शिकवावयाचे असले की आमच्यासारखी फी घेणारी शाळा. होय, या यादीतून आपली शाळा वगळण्याचा अधिकार मला नाही. सुखवस्तू मनुष्याने हळूहळू प्रत्येक सार्वजनिक दारास आपल्यापुरते एक खाजगी दार काढून घेतले आहे. ज्यास सार्वजनिक नळावर हंडा लावावयाचा नाही, त्यास नगरसेवकाची आठवण कशी व्हावी? आमच्या औदासीन्यास आम्ही आळस म्हणतो, कधी 'राजकारणाचा वीट' असे भारदस्त नाव देतो. परंतु त्याचे मूळ बहुधा या खाजगी दारात असते.

ज्यांस असे दार परवडत नाही, ते इतके उदासीन नसतात. २० मे २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले, तेव्हा नाशिक मतदारसंघात सुमारे ६० टक्के मतदारांनी मत दिले, तर शेजारच्या दिंडोरी मतदारसंघात सुमारे ६६ टक्क्यांनी. दिंडोरीत आदिवासी पाडे आहेत, मैलोगणती चालावे लागते, आणि मे महिन्याचे ऊन उभयतांस सारखेच होते. महापालिकेच्या मतदानाचा दिवस तर संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी आला. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवसांची सुट्टी पदरात पडते, हा हिशेब आमच्या सुशिक्षित वस्त्यांतून किती तत्परतेने मांडला गेला, ते मी स्वतः ऐकले आहे.

पवित्र शास्त्रात शास्त्यांच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, एक दृष्टांत आहे. आपल्या शाळेतील सर्व धर्मांच्या मुलांस तो आवडावा असा आहे, कारण त्यात बोलणारी पात्रे झाडे आहेत. अबीमलेख नावाच्या मनुष्याने आपल्या सत्तर भावांचा घात करविला व शखेमच्या लोकांनी त्यालाच राजा केले. त्यातून निसटलेला धाकटा भाऊ योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर चढला व तेथून त्याने लोकांस ओरडून ही गोष्ट सांगितली. झाडे एकदा आपल्याकरिता राजा शोधावयास निघाली. ती प्रथम जैतुनाकडे गेली; तो म्हणाला, माझे तेल सोडून मी तुमच्यावर डोलत कशाला राहू? अंजिराने आपल्या गोड फळाची सबब सांगितली. मग ती द्राक्षवेलीकडे गेली. तिनेही आपला रस सोडण्याचे नाकारले. सरतेशेवटी झाडे काटेरी झुडपाकडे गेली. ते मात्र तत्काळ तयार झाले, व म्हणाले, या, माझ्या सावलीत बसा. न याल तर माझ्यातून अग्नी निघून लबानोनचे गंधसरू जाळून टाकील.

हा दृष्टांत सांगताना उपदेशक काटेरी झुडपाची निंदा करतात; मीही पुष्कळ वर्षे तसेच करीत असे. परंतु काळजीपूर्वक वाचले असता असे दिसते की योथामाने तीन नकार सावकाश, एकामागून एक सांगितले आहेत, व झुडपाची पाळी अगदी शेवटी आणली आहे. आणि नकार देणारी झाडे काही दुर्जन नव्हेत. तेल, फळ, रस, सारे उपयोगाचे. त्यांच्या उत्तरात खोटे काहीच नाही. ती खरोखरीच कामात होती. आमच्या नाशिकास द्राक्षांचा जिल्हा म्हणतात. येथली द्राक्षे जहाजांतून युरोपास जातात. तेव्हा द्राक्षवेलीचे हे उत्तर आम्हांस तरी परके वाटू नये. डॉक्टर म्हणतात, रोगी सोडून कोठे जाऊ? इंजिनियर म्हणतात, कारखाना सोडून कोठे जाऊ? शिक्षक म्हणतात, उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत. (योथाम एवढे बोलून तेथून पळाला, व दूर जाऊन राहिला, हेही त्याच अध्यायात लिहिले आहे. त्यास भित्रा कोणी म्हणू नये. तो निदान बोलून तरी पळाला.)

याच नाशकाने वेगळी माणसेही पाहिली आहेत. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. त्याचा दैनंदिन भार दादासाहेब गायकवाड यांनी वाहिला. सत्याग्रही मंदिराच्या दारांसमोर बसून राहिले, आणि रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडांचा मारा झाला. हा लढा थांबत-चालत सुमारे पाच वर्षे टिकला. त्या पाच वर्षांत दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे या बंद दाराचा अनुभव होता. मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला.

आता विचार करा. दारासमोर बसलेले कोण होते? बहुतेक शेतमजूर, गावकामगार, हातावर पोट असलेले लोक. सत्याग्रहास गेल्याबद्दल मजुरी जाईल, गावातला उधारीचा वाणी दार लावील, ही भीती त्यांस होती. ज्यांची मजुरी बुडण्याचा प्रश्न नव्हता, असे वकील, पेन्शनर व सावकारही त्या शहरात पुष्कळ होते. त्यांतील काहींनी उघड विरोध केला, एखाद-दुसऱ्याने पाठिंबाही दिला असेल. परंतु मला राहून राहून कुतूहल वाटते ते उरलेल्यांचे. त्यांनी त्या सकाळी चहा घेतला असेल, गोदेवर स्नान केले असेल, आणि संध्याकाळी 'आज पंचवटीत फार गर्दी होती' असे घरी सांगितले असेल. इतिहासात त्यांचे नाव नाही. मी त्या काळी असतो तर कोठे असतो, असे स्वतःस विचारले की मला फारसे आवडणारे उत्तर मिळत नाही.

आमच्या ख्रिस्ती बंधूंपैकी काहींचे म्हणणे असते, आपण अल्पसंख्य. आपण राजकारणात पडू नये. प्रार्थना करावी, मुले शिकवावी व शांत राहावे. या म्हणण्यात भीतीबरोबर शहाणपणही आहे, हे मी नाकारीत नाही. शाळेने कोणत्याही पक्षाचा झेंडा हाती धरू नये, हेही मला मान्य आहे. परंतु शांत राहणे हीच आपली परंपरा, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा मला पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. १८८९ साली मुंबईस राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, त्यास प्रतिनिधी म्हणून गेलेल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर चालू असता सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांची कशी हेळसांड होते, हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघड लिहून कळविले. त्या वेळी त्यांची स्थिती काय होती ते पाहा. दुष्काळातल्या अनाथ मुली व स्त्रिया त्यांच्या आश्रयास आल्या होत्या. धर्म बदलल्यामुळे स्वकीय रुष्ट होते. आश्रय होता तो बहुतांशी परदेशातील ख्रिस्ती मंडळींचा. अशा स्त्रीने सरकारच्या रोषास पात्र होऊ नये, असेच कोणीही हितचिंतक सांगता. त्यांच्याजवळ गमावण्यासारखे पुष्कळ होते, आणि तरी त्यांनी लिहिले.

याहून जुनी साक्ष हवी असेल तर ती प्रेषितांच्या कृत्यांत आहे. फिलिप्पै येथे पौल व सीला यांस चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, यांस गुपचूप सोडून द्या. सुटका झाली, मिटले; आपण असतो तर आभार मानून चालते झालो असतो. पौलाने तसे केले नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हांस चारचौघांत मारले, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर काढावे, असा त्याने आग्रह धरला. आणि ते आले. त्याचे स्वतःचे काम तर भागले होते. परंतु त्या गावात त्याच्या मागे नवी मंडळी राहावयाची होती, व उद्या अधिकारी तिच्याशी कसे वागतील हा प्रश्न होता.

दुसऱ्यांची उदाहरणे देणे सोपे. आता माझे स्वतःचे एक देतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या गावी राहत होतो, त्याचे नाव सांगत नाही. कायद्याप्रमाणे ग्रामसभेस एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी असेल तितकी माणसे हजर असावी लागतात. तितकी न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस मग संख्येची अट राहत नाही. या नियमात कारभाऱ्यांची सोय किती आहे ते सुज्ञांस सांगणे नलगे. आमच्या गावी पहिल्या सभेस पस्तीस माणसे आली; सभा तहकूब झाली; दुसऱ्या सभेस आम्ही चौदा होतो. मी गेलो होतो याचेच मला मोठे कौतुक वाटत होते.

ठरावांची वही पुढे आली. खालच्या वस्तीच्या नळाचे काम 'पूर्ण' असे तीत लिहिले आहे, अशी कुणकुण होती. नळ तर आला नव्हता. तेव्हा त्या वस्तीतली भाजी विकणारी एक म्हातारी उठली व म्हणाली, "भाऊ, आमचा नळ कागदात कुठं पोचला, ते तरी वाचून दावा." तिला खाली बसावयास सांगण्यात आले. ती बसली नाही. तिला वाचता येत नव्हते. तिने इकडे तिकडे पाहिले व तिची दृष्टी माझ्यावर आली. तिचा नातू माझ्या वर्गात होता. ती म्हणाली, "सर, तुम्हीच वाचा की वो मोठ्यानं."

मी म्हणालो, "आजी, मी नंतर बघतो."

का म्हणालो? मला तुरुंगाचे भय नव्हते, की मारहाणीचे नव्हते. पुढल्या आठवड्यात माझ्या मुलाच्या प्रवेशाकरिता एक रहिवासी दाखला हवा होता, व त्यावर सही करणारे गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. बस, इतकेच. धैर्यावर मी वर्गात कितीदा बोललो असेन. दानिएल व सिंहांची गुहा मी इतकी रंगवून सांगतो की लहान मुले श्वास रोखून ऐकतात. माझ्यासमोर सिंह नव्हता, रबरी शिक्का होता. दाखला मला वेळेवर मिळाला. गंमत अशी की प्रवेशाच्या वेळी तो कोणी मागितलाच नाही.

म्हातारी पुढल्या दोन सभांस आली व तेच विचारीत राहिली. तिसऱ्या सभेस मी ठराव मोठ्याने वाचला. परंतु तोवर माझ्याबरोबर आणखी दोघे वाचावयास उभे होते, तेव्हा त्यात माझा पराक्रम फारसा उरला नव्हता. वस्तीस नळ सव्वा वर्षाने आला.

या अनुभवावरून मी त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ च्या ठरावाने या देशात स्थानिक स्वराज्याचा पाया घातला, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती : या संस्थांमुळे कारभार ताबडतोब सुधारेल म्हणून त्या द्यावयाच्या नाहीत, लोकांस सार्वजनिक कामाचे शिक्षण मिळावे म्हणून द्यावयाच्या. परक्या राजवटीच्या अधिकाऱ्यास हे समजले होते. प्रशासक रस्ता करू शकतात, कदाचित नगरसेवकांहून लवकरही करतील. परंतु 'वही वाचून दावा' असे म्हणण्याची सवय ते आपल्याकरिता लावून घेऊ शकत नाहीत. ती सवय शाबूत असेल तर नगरसेवक नसतानाही गाव जागे राहते. ती गेली असेल तर १२२ नगरसेवक निवडून आले तरी वही बंदच.

आणि अडत नाही म्हणता म्हणता अडलेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये, सिंहस्थाच्या साधुग्रामाकरिता तपोवनातील शेकडो झाडे तोडण्याविषयीची महापालिकेची सूचना प्रसिद्ध झाली, आणि एकाएकी सुखवस्तू नाशिककरांस आठवण झाली की विचारावयाचे कोणास? सूचना काढणारे प्रशासनाचे, हरकती ऐकणारे प्रशासनाचे, आणि मध्ये उभा राहून सभेत प्रश्न विचारणारा सभासद एकही नाही. सिंहस्थ शेकडो वर्षांचा. साधूंस उतरावयास जागा हवी, हेही खरे. त्या वादाचा निवाडा मी येथे करीत नाही. मला महत्त्वाचे वाटले ते इतकेच की, जी माणसे एरवी सकाळी फिरावयास जाऊन मुकाट्याने परत येत, त्यांतील कित्येक लेखी हरकती घेऊन निघाली. शेकडो हरकती नोंदल्या गेल्या. तपोवनातल्या झाडाला खाजगी दार काढता येत नाही. बंगल्याच्या आवारात ते कोणी हलवून नेऊ शकत नाही. कदाचित म्हणूनच लोक उठले असतील.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो मागच्या बाकावरचा मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आला. हातात वहीचे फाडलेले पान होते. अर्ज मराठीत लिहिला होता; ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ, पण म्हणणे स्वच्छ. मी त्यास तपोवनाविषयी काही सांगितले नव्हते. त्याने विचारले, "सर, अठरा वर्षं पुरी झाली नसतील तर हरकतीवर सही चालते का?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. आधी या चुका दुरुस्त कर, आणि मग पाठवून तर पाहा."

तो तेथेच जमिनीवर बसून दुरुस्त करू लागला. घंटा झाली तरी उठेना, तेव्हा मीही त्यास पाच मिनिटे उठविले नाही.